रेपोचं पाणी टेलपर्यंत येत नाही

२०२५च्या ऑक्टोबरमध्ये देशातली किरकोळ महागाई ०.२५ टक्क्यांवर आली. २०१२ हे पायाभूत वर्ष धरून निर्देशांक मोजायला सुरुवात झाली, तेव्हापासूनचा हा सगळ्यात खालचा आकडा. अन्नपदार्थ तर आदल्या वर्षीपेक्षा पाच टक्क्यांनी स्वस्त झाले होते. डिसेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ज्या दराने ती बँकांना थोड्या मुदतीसाठी उसने पैसे देते तो, आणखी पाव टक्क्याने उतरवून ५.२५ टक्के केला. वाढ चांगली, महागाई नाममात्र, असा योग क्वचितच येतो म्हणून टीव्हीवर कौतुक झालं आणि गृहकर्जाचा हप्ता किती रुपयांनी कमी होणार याचे तक्ते वर्तमानपत्रांनी छापले.

त्याच ऑक्टोबरात बीड, धाराशिव, लातूर, नांदेडच्या शिवारांत सप्टेंबरच्या पुरातून वाचलेलं सोयाबीन गोळा करणं चालू होतं. बरंचसं काळं पडलेलं, ओलं. मोंढ्यावर नेलं तर ५,३२८ रुपये हमीभावाच्या बरंच खाली. पीक बुडालं की भाव चढतो, हा आपला जुना हिशेब. तोही या वेळी चुकला. कारण सोयाबीनचा भाव ठरतो तेल आणि पेंडीच्या जागतिक बाजारात, आणि मे महिन्याच्या अखेरीस केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क २० टक्क्यांवरून १० टक्के करून ठेवलं होतं. ऑगस्टमध्ये कापसावरचं ११ टक्के शुल्क काढून टाकलं. तुरीची आयात आधीपासूनच शुल्कमुक्त होती.

म्हणजे मुंबईत जे यश म्हणून मोजलं गेलं, त्यातला एक मोठा वाटा लातूरच्या, जालन्याच्या मोंढ्यावर तोटा म्हणून आधीच मोजून झाला होता. माझं म्हणणं एवढंच नाही की शेतकऱ्यावर अन्याय झाला. ते आपण रोज म्हणतो आणि म्हणून काही होत नाही. माझं म्हणणं रिझर्व्ह बँकेबद्दल आहे. तिचं महागाईचं लक्ष्य ज्या रीतीने गाठलं जातं, त्याचा खर्च मराठवाड्यासारख्या भागावर पडतो; आणि ज्या स्वस्त कर्जाने त्याची भरपाई व्हायला हवी, ते कर्ज इथवर पोचत नाही. या दोन्ही गोष्टींवर बोलायची तिची जबाबदारी आहे, आणि त्यातली एक तर कायद्यातच लिहिलेली आहे.

आधी या बँकेचं काम नेमकं कसं चालतं ते पाहू, कारण चहाच्या टपरीवर हमखास निघणारा प्रश्न असा असतो: नोटा छापायचं मशीन त्यांच्याकडेच आहे, मग कर्जमाफीला पैसा नाही असं कसं?

पैसा म्हणजे नोटा ही समजूतच आधी सोडावी लागते. देशातला एकूण पैसा म्हणजे लोकांच्या हातातली रोकड अधिक बँकांतल्या ठेवी, आणि त्यात रोकड साधारण सातवा हिस्सा. उरलेला सगळा पैसा हा खात्यांवरचे आकडे आहेत. हे आकडे बहुतांशी रिझर्व्ह बँक तयार करत नाही, आपली गावातली बँक करते. समजा औशाच्या शाखेने एकाला ट्रॅक्टरसाठी आठ लाखांचं कर्ज मंजूर केलं. मॅनेजर कोणाच्या ठेवीतून आठ लाख काढून आणत नाही. तो एका बाजूला कर्जखातं उघडतो आणि दुसऱ्या बाजूला ट्रॅक्टरच्या डीलरच्या खात्यावर आठ लाख जमा करतो. ते आठ लाख काल देशात नव्हते, आज आहेत. हप्ते फिटत जातात तसा तो पैसा पुन्हा नाहीसा होतो.

मग बँक अशी कितीही कर्जं का वाटत नाही? कारण डीलरचं खातं दुसऱ्या बँकेत असेल तर दोन बँकांमधला हिशेब रिझर्व्ह बँकेतल्या त्यांच्या खात्यांवरून चुकता करावा लागतो. शिवाय दर शंभर रुपये ठेवीमागे तीन रुपये तिथे राखून ठेवावे लागतात. हा रोख राखीव निधी २०२५च्या सुरुवातीला चार टक्के होता. जूनमध्ये तो चार टप्प्यांत एक टक्क्याने कमी करायचं जाहीर झालं आणि त्यातून बँकांचे अडीच लाख कोटी रुपये मोकळे झाले. या खात्यावर ज्या बँकेला संध्याकाळी कमी पडतं ती रात्रीपुरती उसनं घेते. तिथला दर रेपोच्या आसपास राहावा याची तजवीज रिझर्व्ह बँक करते: अडलेल्या बँकेला पाव टक्का जादा दराने पैसे देते, ज्या बँकेकडे शिल्लक आहे तिच्याकडून पाव टक्का कमी दराने ठेवून घेते. बाजारात तंगी वाटली तर सरकारी रोखे किंवा डॉलर विकत घेऊन या खात्यांत पैसे सोडते, जास्त झाले तर रोखे विकून ओढून घेते. थोडक्यात, पैसा किती असावा हे ती मोजून ठरवत नाही. एका रात्रीच्या पैशाचं भाडं ठरवते आणि पुढचं बँकांवर सोडते.

हे भाडं फार कमी ठेवलं किंवा सरकारला हवे तेवढे आकडे लिहून दिले तर काय होतं, हे मराठवाड्याला वेगळं सांगायला नको. मुहम्मद तुघलकाने १३२७च्या सुमारास राजधानी देवगिरीला आणली आणि पुढच्या काही वर्षांत चांदीच्या टंक्याच्या मोलाने तांब्या-पितळेची नाणी चालवायचा हुकूम काढला. कल्पना आजच्या कागदी नोटेपेक्षा फार वेगळी नव्हती. फक्त कोणीही घरी नाणी पाडू शकत होता, आणि लोकांनी पाडली. शेवटी सुलतानाला ती नाणी खजिन्यातून सोनं-चांदी देऊन परत घ्यावी लागली. दौलताबादचा किल्ला दाखवताना गाईड राजधानीची गोष्ट रंगवून सांगतात, नाण्यांची सहसा सांगत नाहीत. खरं तर दोन्हींत ती जास्त शिकण्यासारखी आहे.

दुसरी आठवण जवळची. आपल्या आजोबा-पणजोबांच्या खिशात इंग्रजी राज्याचा कलदार रुपया नसे, निजामाचा हाली असे. हैदराबाद संस्थानाचं स्वतःचं चलन होतं, १९१८पासून स्वतःच्या कागदी नोटा होत्या आणि १९४१मध्ये ते सांभाळायला हैदराबाद स्टेट बँक निघाली. ढोबळ हिशेब सहा कलदारला सात हालीचा. १९४७च्या अखेरीस तर निजाम सरकारने भारतीय चलन संस्थानात चालणार नाही असा वटहुकूम काढला होता. पोलीस ॲक्शननंतर हाली टप्प्याटप्प्याने गेलं. ती बँक पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि १ एप्रिल २०१७ला स्टेट बँकेत विलीन झाली. मराठवाड्यात कित्येक तालुक्यांच्या गावी कर्जदाराला ओळखणारी हीच एक बँक होती. तिच्या जाण्याबद्दल इथे जेवढी हळहळ व्हायला हवी होती तेवढी झाली नाही.

तर टपरीवरच्या प्रश्नाचं उत्तर असं. रिझर्व्ह बँकेने सरकारची तूट परस्पर भरून द्यायची सोय पूर्वी होती. ती १९९७मध्ये बंद झाली, आणि २००६पासून ती सरकारकडून थेट नवे रोखेही घेऊ शकत नाही. हे बंधन योग्यच आहे. पैसा वाढला आणि माल तेवढाच राहिला तर पहिला मार रोजंदारीवर जगणाऱ्याला बसतो. आणि मराठवाड्यात तो फार मोठा वर्ग आहे. मात्र बँकेला नफा होतो तो सरकारकडे जातोच. मे २०२५मध्ये केंद्राला २,६८,५९० कोटी रुपये दिले गेले. पैसा नाही हे उत्तर त्यामुळे अर्धंच खरं आहे. तो कुठे खर्च करायचा हा निर्णय दिल्लीचा असतो, मुंबईच्या मिंट रोडवरच्या रिझर्व्ह बँकेचा नाही.

आता महागाईच्या लक्ष्याकडे येऊ. २०१६मध्ये रिझर्व्ह बँक कायद्यात दुरुस्ती झाली आणि रेपो दर ठरवणारी सहा जणांची पतधोरण समिती आली: तिघे बँकेचे, तिघे केंद्राने नेमलेले, बरोबरी झाली तर गव्हर्नरचं मत निर्णायक. लक्ष्य चार टक्के, खाली दोन आणि वर सहापर्यंत मुभा. मोजमाप ग्राहक किंमत निर्देशांकाचं. २०१२च्या मालिकेत अन्न आणि पेयांचा भार ४५.८६ टक्के होता, ग्रामीण निर्देशांकात तर ५४ टक्क्यांच्या वर. म्हणजे महागाईचा आकडा हलतो तो बराचसा कांदा, टोमॅटो, डाळ, तेल यांच्यामुळे.

आणि नेमकी हीच किंमत रेपो दराने हलत नाही. पाऊस लांबला, तूर गेली, तर व्याजदर अर्ध्या टक्क्याने वाढवून एक क्विंटलही जास्त तूर येत नाही. हे समितीलाही माहीत आहे. म्हणून तिच्या निवेदनांत पुन्हा पुन्हा सरकारच्या ‘पुरवठ्याच्या बाजूच्या उपाययोजनां’चा उल्लेख येतो, बहुतेक वेळा समाधानाने. या उपाययोजना म्हणजे काय? डिसेंबर २०२१मध्ये सोयाबीन आणि हरभऱ्यासह सात शेतमालांचे वायदे बंद. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेल्यावर, १२ लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयापेंडीच्या आयातीला परवानगी. ऑगस्ट २०२३मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरमध्ये थेट बंदी. डिसेंबर २०२३पासून पिवळ्या वाटाण्याची शुल्कमुक्त आयात, ज्याने हरभरा-तुरीचे भाव दाबले. रिझर्व्ह बँकेने यातलं काहीही केलेलं नाही. पण चार टक्क्यांचं लक्ष्य तिचं आहे, श्रेय तिचं आहे, आणि जे काम तिच्या हत्याराने होत नाही ते ज्या हत्याराने होतं त्याची धार कोणाच्या मानेवर आहे, याविषयी तिच्या निवेदनात ओळसुद्धा नसते.

डाळीच्या बाबतीत तर हे अधिकच बोचरं आहे. भाज्यांबद्दल म्हणता येतं की मधले लोक खातात. शेतकऱ्याला न दुखवता भाव उतरवता येईल. रिझर्व्ह बँकेच्याच अर्थतज्ज्ञांनी २०२४मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत ग्राहकाच्या रुपयातला शेतकऱ्याचा वाटा टोमॅटोत ३३ टक्के, कांद्यात ३६ टक्के निघाला. पण तुरीत तो ६५, मुगात ७० आणि हरभऱ्यात ७५ टक्के आहे. मध्ये कापायला फारसं काही नाहीच. लातूरच्या डाळमिलवाल्याला विचारा, तो हेच सांगेल. तूरडाळ किलोमागे तीस रुपयांनी खाली आणायची म्हणजे त्यातला मोठा भाग सरळ तूर उत्पादकाच्या पदरातून जाणार. २०१५मध्ये डाळ दोनशेपर्यंत गेली, सरकारने तूर लावा म्हणून सांगितलं, लोकांनी लावली. २०१७मध्ये ५,०५० हमीभाव असताना बाजार चार हजारांच्याही खाली गेला आणि खरेदी केंद्रांबाहेर ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या. ते विसरलेला शेतकरी या भागात सापडणार नाही.

यावर एक पक्ष म्हणतो, मग अन्न लक्ष्यातून काढूनच टाका. २०२३-२४च्या आर्थिक पाहणीने तसं सुचवलं होतं. मला ते पटत नाही. दिवाळीनंतर बीडहून ट्रकमध्ये बसून कारखान्यांकडे जाणारा ऊसतोड मजूर डाळ-तेल विकत घेतो, पिकवत नाही. कोरडवाहू चार एकरवालाही वर्षातले बरेच महिने विकत घेणाराच असतो. ज्या घराची निम्मी कमाई किराण्यावर जाते, त्याला ‘तुमचा किराणा वगळून महागाई आटोक्यात आहे’ असं सांगणं निलाजरेपणाचं होईल. अन्न आकड्यात राहायलाच हवं.

मग करायचं काय? कायद्यात आहे ते पाळायचं. लक्ष्याला खालचीही मर्यादा आहे. सरासरी महागाई सलग तीन तिमाह्या सहाच्या वर राहिली तर ते अपयश आणि सरकारला पत्र लिहून कारणं सांगायची, हे सगळ्यांना ठाऊक आहे. २०२२मध्ये ती वेळ आली आणि पत्र गेलंही, पण ते लोकांसमोर ठेवलं नाही. सलग तीन तिमाह्या दोनच्या खाली राहिली तरी ते तितकंच अपयश आहे, हे मात्र कोणाच्या तोंडी नसतं. जुलै ते सप्टेंबर २०२५ची सरासरी दोनच्या खाली होती, पुढचा ऑक्टोबर जवळजवळ शून्यावर. दोन टक्क्यांची मर्यादा ओलांडून अन्नाचे भाव घसरतात तेव्हा कोणाचं तरी उत्पन्न घसरत असतं. पत्राची कायदेशीर वेळ येईपर्यंत न थांबता, अशा प्रत्येक तिमाहीत समितीने सांगावं की घसरणीतला किती वाटा चांगल्या पिकाचा, किती आयातीचा, किती शुल्क कपातीचा. हे हिशेब करणारी माणसं तिच्याकडे आहेत. वर जायच्या वेळी ती ‘पुरवठ्याचा धक्का’ असा खुलासा करते. खाली जाताना तोच खुलासा मागायचा आपल्याला अधिकार आहे.

आता स्वस्त कर्जाबद्दल. मे २०२०पासून दोन वर्षं रेपो चार टक्के होता, फेब्रुवारी २०२३पर्यंत साडेसहा झाला, मग सव्वापाचवर आला. एवढ्या वर-खालीत पीककर्जाचा दर सात टक्केच राहिला, कारण तो रेपोला नव्हे, सरकारी व्याज सवलतीला बांधलेला आहे. वेळेवर फेडलं तर केंद्राचे तीन टक्के परत आणि उरलेलं राज्य भरतं. तीन लाखांपर्यंत व्याज शून्य. छानच आहे. पण याचा अर्थ असा की देशाचं पतधोरण या शेतकऱ्याच्या डोक्यावरून जातं. आणि ज्याला हे कर्ज मिळत नाही, वाट्याने शेती करणारा, सातबारावर बोजा असलेला, मागचं थकलेला, त्याच्याकडे मायक्रोफायनान्सचे वीस-चोवीस टक्के आहेत, नाहीतर सावकाराचे शेकडा तीन किंवा पाच, दर महिन्याला. सावकाराने रेपो उतरला म्हणून कधी दर उतरवलाय? जायकवाडीच्या कालव्यावर जसं असतं तसंच आहे हे: पैठणला दरवाजे किती उघडले याची बातमी होते, टेलवाला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी, मात्र चारी कोरडी बघत बसतो, आणि मधल्या कोणत्या पोटचारीत पाणी जिरलं हे मोजणारं यंत्र कुठेच बसवलेलं नसतं.

इथे कुठे जिरतं त्याचा थोडा माग लागतो. बँकांनी ४० टक्के कर्ज प्राधान्य क्षेत्राला (शेती, छोटे उद्योग वगैरे), त्यातलं १८ टक्के शेतीला, १० टक्के अल्प आणि अत्यल्प भूधारकांना द्यावं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण २०१६पासून एक पळवाट अधिकृत झाली. ज्या बँकेचं उद्दिष्ट कमी भरतं ती दुसऱ्या बँकेकडून प्राधान्य क्षेत्राची प्रमाणपत्रं विकत घेऊ शकते. कर्ज हलत नाही, जोखीम हलत नाही, फक्त आकडा हलतो. छोट्या शेतकऱ्याचं ते कर्ज दक्षिणेत कुठेतरी दागिने गहाण ठेवून दिलेलं असलं तरी चालतं. हिंगोलीत शाखा उघडून, माणूस नेमून, कागद तपासून कर्ज देण्यापेक्षा हे केव्हाही स्वस्त. ठिकाणाला महत्त्व आहे हे बँकेने एका परीने मान्यही केलंय: ज्या जिल्ह्यांत दरडोई प्राधान्य क्षेत्र कर्ज ९,००० रुपयांपेक्षा कमी आहे तिथल्या नव्या कर्जाला २०२४-२५पासून उद्दिष्टाच्या हिशेबात सव्वापट वजन मिळतं. पाऊल बरोबर आहे. पण जोपर्यंत प्रमाणपत्राला जिल्हा नाही तोपर्यंत त्याचा जोर कमीच राहणार. अल्पभूधारकांची प्रमाणपत्रं निदान राज्यापुरती बांधावीत, ही मागणी अवाजवी नाही.

बाकीच्या वाटा काय अवस्थेत आहेत ते इथल्या वाचकाला सांगायची गरज नाही. बीड, धाराशिव, नांदेडच्या जिल्हा बँका वर्षानुवर्षं लंगडत आहेत, गावची सोसायटी त्यांच्यावर अवलंबून. ती पोकळी मल्टिस्टेट पतसंस्थांनी भरली, काचेची कार्यालयं थाटून आणि दोन-तीन टक्के जादा व्याज देऊन. या संस्था रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली नाहीत, त्यांची नोंदणी केंद्रीय सहकार निबंधकाकडे असते. बँकेतल्या ठेवीला मिळतं ते पाच लाखांचं विमा संरक्षणही तिथे नाही. ऊसबिल, जमिनीचा मोबदला, निवृत्तीचे पैसे त्यात गेले. दारावरच्या पाटीत नसलं तरी लोकांच्या बोलण्यात ती ‘बँक’च होती, आणि ती तशी नाही हे खेड्यात जाऊन सांगायचं काम कोणीच केलं नाही.

रिझर्व्ह बँकेला हे कळायची साधनंही तोकडी आहेत. लोकांना महागाई किती वाटते, हे विचारणारी तिची जुनी पाहणी १९ मोठ्या शहरांत होते. महाराष्ट्रातली त्यांत मुंबई आणि नागपूर. अलीकडे ग्रामीण ग्राहकांची वेगळी पाहणी सुरू झाली आहे, ती चांगली गोष्ट. पण जिल्ह्यात या बँकेचा एक कान आधीपासून आहे. अग्रणी बँक योजना १९६९पासून चालू आहे. कलेक्टरसाहेबांच्या अध्यक्षतेखाली जिल्ह्यातल्या सगळ्या बँकांची तिमाही बैठक होते आणि तिला रिझर्व्ह बँकेचा अग्रणी जिल्हा अधिकारी हजर असतो. तिथे पीककर्ज वाटपाची टक्केवारी वाचली जाते, कमी असेल तर पालकमंत्री बँकांना दम देतात, दुसऱ्या दिवशी बातमी येते.

त्या टक्केवारीत नवं-जुनं केलेली कर्जंही वाटप म्हणून धरलेली असतात. मार्चअखेर इकडून-तिकडून उसने आणून, बहुधा सावकाराकडूनच, जुनं खातं भरायचं आणि आठ-पंधरा दिवसांनी तेच पैसे नवं कर्ज म्हणून उचलून सावकाराला परत करायचे. पेरणीसाठी हातात येतात ते मधल्या वाढीव पाच-दहा हजारांपुरतेच. कागदावर मात्र पूर्ण रक्कम. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांच्या पुढच्या तिमाही बैठकीत त्या अधिकाऱ्याने एक जादा रकाना मागावा: नवं-जुनं वजा जाता, या हंगामात खातेदाराच्या हाती प्रत्यक्ष किती रक्कम गेली, आणि पहिल्यांदाच कर्ज मिळालेले किती. बँकांच्या संगणकात ही माहिती आहे. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही, समिती नेमावी लागत नाही, आणि रेपो दर तर अजिबात हलवावा लागत नाही.